दोन वाजताची कूस

सही माझीच आहे. लाल पेनाने, रात्री दोनच्या चौकोनात ‘डावी कूस’ आणि पुढे माझी कोंबडीच्या पायासारखी सही. बारा नंबरच्या कॉटवरच्या अज्जांना, म्हणजे लकव्याच्या आजोबांना, पडून पडून जखम होऊ नये म्हणून मी दोन वाजता उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर वळवलं, असं तो कागद म्हणतो. मला मात्र वळवल्याचं आठवत नाही.

सकाळी इनचार्ज मॅडमनी चार्टवरून बोट फिरवत विचारलं, “दर दोन तासांनी झालंय ना सगळं?” मी म्हटलं, “झालंय की.” तोंडातून निघूनच गेलं. मग दुसऱ्या गेटवर रेल्वेसाठी स्कूटी बंद करून उभी असताना एकदम पोटात खड्डा पडला. झालं होतं का?

रात्री बारा वाजताचं पक्कं आहे. उजवी कूस, पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मध्ये दुसरी. लकव्याचा हात अंगाखाली अडकला होता तो मी हळूच ओढून काढला, म्हणून लक्षात आहे. पावणेदोनला चार नंबरच्या पेशंटसाठी रक्त आलं. ब्लड बँकेतून निघालेली पिशवी अर्ध्या तासात लावायची असते. दोघींनी मिळून पिशवीचा नंबर, ग्रुप, तारीख मोठ्याने वाचली. मी रक्त सुरू केलं आणि तिथंच उभी राहिले. थंडी भरते का, अंगावर गांधी उठतात का, कंबर धरते का, हे बघायला पहिली पंधरा मिनिटं जागा सोडायची नसते, मी सोडली नाही. म्हणजे दोनच्या ठोक्याला मी बारा नंबरपाशी नव्हतेच. नंतर कधीतरी टेबलाशी बसून दोनचे सगळे चौकोन एका दमात भरले. असं आम्ही सगळ्याच भरतो. टेबलाशी येण्याआधी बारा नंबरकडे जाऊन आले की नाही, एवढंच सापडत नाही.

चार वाजता मी अज्जांना उताणं केलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. हे नक्की. त्यांची कॉट खिडकीशी आहे. उजव्या कुशीवर असले की तोंड खिडकीकडे, डाव्या कुशीवर दाराकडे. दाराकडे बघत होते म्हणजे डाव्या कुशीवर होते, म्हणजे वळवलं होतं. सुटले, असं वाटून मी चहा टाकला. आधण यायच्या आत आठवलं, मान त्यांची चांगली फिरते. दार वाजलं की बघतातच.

सहाला अंग पुसताना उजव्या खुब्यावर गुलाबी दिसलं होतं. बोटाने दाबलं तर पांढरं झालं, बोट काढल्यावर परत रंग आला. म्हणजे ठीक. दाबूनही पांढरं होत नाही तेव्हा घाबरायचं. आमच्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या वेळी अशा जागी स्पिरिट-पावडर लावून खसाखसा चोळायला शिकवलं होतं. आता चोळू नका म्हणतात, आतलं मांस आणखी दुखावतं. मी चोळलं नाही. पण गुलाबी उजव्याच खुब्यावर का? चार तास त्याच अंगावर राहिले म्हणून?

निघताना अज्जींना विचारलंही होतं मी, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये, रात्री मग्गलु, म्हणजे कूस, बदलला होता ना म्हणून. “माडीरी अक्का, एल्ला नीव माडीरी.” केलंत की, सगळं तुम्हीच केलंत. माउली रात्रभर कॉटखाली चटईवर तोंडावर पदर ओढून घोरत होती. तिची साक्ष कुठल्या कोर्टात चालणार? म्हणजे तेव्हाच, निघतानाच, मला शंका आली होती तर. गेटवर नाही. हे आत्ता लिहिताना कळलं.

बावीस कॉट, आम्ही दोघी आणि एक स्टुडंट. तीही बिचारी “मी आलो, सिस्टर” म्हणत धावतच असते. घरी आत्याबाई म्हणतात, रात्री काय, पेशंट झोपलेले असतात, बसूनच असतेस की. पायांच्या शिरा दाखवाव्यात का त्यांना? अकरा वर्षं झाली. तेव्हाच कोल्हापूरला गेले असते तर... जाऊ दे.

१२ मेला, नर्सेस डेला, मेणबत्ती हातात धरून शपथ घेतो आम्ही. ज्यांच्या वाढदिवसाला तो दिवस असतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीच लिहून ठेवलंय, पेशंटला पडून पडून जखम झाली तर बहुतेक वेळा दोष रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. मेणबत्ती धरताना हे कुणी वाचून दाखवत नाही.

चुकीची नोंद झाली तर खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. एक सरळ रेघ, वर खरं काय ते, आणि सही. खरं काय ते! रेघ मारून वर काय लिहू? केलं नाही, हेही मला माहीत नाही. औषध दिलं नाही तर गोल करून कारण लिहायची सोय आहे. ‘आठवत नाही’ असा रकाना कुठल्याच चार्टला नाही.

नऊला आडवी झाले ती दोनला उठले. आत्याबाई म्हणाल्या, “एकाच कुशीवर झोपली होतीस गं मेल्यासारखी. दोनदा येऊन बघून गेलो.” आरशात बघितलं तर उजवा गाल उशीच्या शिवणीसकट लालभडक. पाच तास, एकच कूस, आणि चार्टवर नोंद नाही. बोटाने दाबून बघितलं. पांढरं झालं. परत रंग आला. मग मलाच हसू फुटलं, आणि आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

आज परत रात्रपाळी. गेल्या गेल्या खुबा बघणार, चार्ट नंतर. मॅडमना काय सांगायचं ते अजून ठरत नाही. डबा भरला. खिशातलं लाल पेन काढून नवीन घातलंय. जुनं चांगलं चालत होतं.