सुरुवातीपासून सांग

दुपारी जेवण आटोपून जरा लवंडावं म्हटलं की लेकीचा फोन येतो. इथे दीड, तिथे सकाळचे दहा. आर्किटेक्चरच्या मुलांची अभ्यास सहल बर्लिनला गेली आहे. सर लोक त्यांना दिवसभरासाठी पिटाळायच्या आधी जी काही मोकळी मिनिटं असतात, ती माझ्या वाट्याला येतात.

परवाचं तिचं पहिलंच वाक्य, "आई, इथल्या सिग्नलमधल्या माणसाला टोपी आहे."

आता यावर कुणी काय बोलावं? मी विचारलं, सामान वेळेवर मिळालं का? न्यायला आलं होतं का कुणी? खोली कितव्या मजल्यावर आहे? प्रवासाची हकिकत कशी, दाराला कुलूप लावलं तिथून सुरू व्हावी आणि क्रमाने पुढे सरकावी. मधलं काही गाळलं की मला चुटपुट लागते. ही माझी खोड घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच बहुधा कुणी मला क्रमाने काही सांगत नाही.

खोड आली वडिलांकडून. त्यांची नोकरी फिरतीची. गावोगावहून त्यांची निळी आंतरदेशीय पत्रं यायची. गाडीत शेजारी कोण होतं, कुठल्या स्टेशनावर पाणी मिळालं नाही, उतरल्यावर पाऊस होता की ऊन, सगळं ओळीने. जागा संपली की अक्षरं आडवी होऊन समासात शिरायची, शेवटची दोन वाक्यं तर घडीवर. पत्र कडेने नीट फाडायचं काम माझं, वाचायचं काम आईचं. आई मोठ्याने वाचायची आणि मध्येच गप्प व्हायची. ओठ हलत असायचे, आवाज नाही. मग एकदम, "हं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी..." त्या गाळलेल्या ओळींत काय असायचं, हे मी पत्र पळवून वाचण्याइतकी धीट झाले तोवर वडिलांची फिरती थांबली होती.

असो. टोपीवाला माणूस.

तो मूळचा पूर्व जर्मनीतला. वाहतुकीच्या मानसशास्त्राचा अभ्यास असलेल्या कार्ल पेग्लाऊ नावाच्या गृहस्थांनी तो १९६१ साली काढला. बर्लिनची भिंत उभी राहिली तेही त्याच साली. हिरवा झाला की टोपी घालून तरातरा चालतो, लाल झाला की दोन्ही हात पसरून आडवा उभा. भिंत १९८९मध्ये पडली, देश एक झाला आणि पूर्वेकडचे सिग्नल बदलायला काढले, तेव्हा लोकांनी आरडाओरडा करून याला वाचवलं. आता तो पश्चिमेकडच्या रस्त्यांवरही दिसतो. "एवढ्या मोठ्या देशातलं काय टिकलं, तर हा," लेक म्हणाली. रस्ता मोकळा असला तरी लोक त्याचं ऐकून थांबतात, हेही तिला सांगायचं होतं. रात्री, गाडी नाही की काही नाही, आणि चार जण उभे.

देसाऊ शहराबद्दल मात्र मी मुद्दाम विचारलं. सहलीचा कागद आला तेव्हापासून मीच वाचून तयार होते. बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेची ती प्रसिद्ध इमारत, आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियस, १९२६. काचेची अख्खी भिंत. तर ही म्हणते, "हो गं, ती आहेच. पण खिडक्या उघडायची साखळी बघायला हवी होतीस." साखळी ओढली की वरच्या खिडक्यांची ओळच्या ओळ एकदम कलते म्हणे. मुलं आळीपाळीने नुसती तिथे वर बघत उभी. "आणि एवढी काच, उन्हाळ्यात आत शिजायला होत असणार, थंडीत काकडायला. मी परीक्षेच्या ज्युरीला असल्या ड्रॉइंगची शीट लावली असती तर सरांनी सोलून काढलं असतं." बोलण्यात आदर होता की सूड, कळलं नाही. दोन्ही असावं.

मग बाटल्या. पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनच्या तोंडात घातली की चिठ्ठी येते आणि ती दाखवून पैसे परत. हे मला कळलं, आवडलंही. पण पुष्कळ लोक बाटली परत न करता कचऱ्याच्या डब्याबाहेर, पायाशी उभी करून जातात. बाटल्या गोळा करून पोट भरणाऱ्याला डब्यात हात घालावा लागू नये म्हणून. एक आजोबा, इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक, बॅटरी मारून डब्यात बघत होते. यावर मुलांचं रात्री भांडण झालं. अर्ध्यांचं म्हणणं, केवढी माणुसकी. अर्ध्यांचं, एवढ्या श्रीमंत देशात हे बघून लाज वाटायला हवी. "तू कुठल्या अर्ध्यात?" मी विचारलं. "मी झोपले," ती म्हणाली.

झोपली नसणार. पण ओठ नुसते हलले की मला कळतं. ग्रुपच्या फोटोत हिच्या टाचेला पट्टी दिसली, त्याचाही फोनवर अवाक्षराने उल्लेख नाही.

काल मात्र तिने नुसता फोटो पाठवला. फुटपाथच्या दगडांत बसवलेल्या चौकोनी पितळी पाट्या, तळहाताएवढ्या. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने हे काम १९९०च्या दशकात सुरू केलं. नाझींनी ज्यांना घरातून नेलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर एकेक पाटी. युरोपभर आता एक लाखाहून जास्त झाल्या आहेत. मला जर्मन येत नाही, पण साल वाचता येतं. चार पाट्या शेजारी शेजारी होत्या, आडनाव एकच. सगळ्यात धाकट्याच्या दोन सालांमध्ये फार अंतर नव्हतं.

फोन आला तेव्हा मी सामान, खोली काही विचारलं नाही. तीच म्हणाली, पाटीवरचं नाव वाचायला मान खाली घालावी लागते, आणि वर बघितलं तर तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी रजया वाळत टाकत होतं. "घर तसंच आहे आई. छान आहे. बाल्कनीची प्रपोर्शन्स काय सुंदर आहेत." मग थोडं थांबून, "हे मी रिपोर्टमध्ये कुठे लिहू? हेडिंगंच नाहीये त्याला."

मला काही सुचलं नाही. सरांना विचार, म्हटलं. ती म्हणाली, सर पण तिथे काही बोलले नाहीत. मग बस आली म्हणून तिने फोन ठेवला.