सेनेट हाउसच्या गजांपाशी

लेकीने केंब्रिजसाठी अख्खा शनिवार राखून ठेवला होता. पण लंडनहून आमची सकाळची गाडी रद्द झाली, पुढचीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि केंब्रिजला उतरलो तेव्हा दीड वाजून गेला होता. परतीची तिकिटं सव्वापाचची. स्टेशनापासून गाव लांब, त्यामुळे हातात उरले जेमतेम तीन तास.

जावयांनी बसमध्येच यादी काढली. मी म्हटलं, बाकी काहीही गाळा, मला सेनेट हाउस बघायचंय.

"तिथे काय आहे, आई?"

सांगायला वेळ लागणार होता. पुण्यात लहानपणी 'रँग्लर' हा शब्द मी नावाचाच भाग समजत होते: रँग्लर परांजपे. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर आणि त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर, हे फार उशिरा कळलं. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, आणखी एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. वय तेवीस. मग परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवायला लागले. एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, आणि दर जूनमध्ये नव्या वर्गाला ही गोष्ट सांगितली.

किंग्ज कॉलेजचं चॅपल वीस मिनिटांत पाहिलं. दगडी छत पंख्यांसारखं उमलत गेलंय. मान दुखेपर्यंत बघावं असं. नदीतली होडीची फेरी राहिली. ट्रिनिटी कॉलेजच्या दारालगत न्यूटनच्या घरच्या झाडाच्या वंशातलं सफरचंदाचं झाड आहे, तेही चालता चालताच पाहिलं.

सेनेट हाउस चॅपलला लागूनच आहे. फिकट दगड, उंच खिडक्या, पुढे हिरवळ आणि लोखंडी गज. फाटक बंद होतं. मी गजांना धरून उभी राहिले. काळा रंग थरावर थर चढून जाड झालेला, हाताला गार लागत होता. आत याच इमारतीत ट्रायपॉसच्या निकालाची क्रमवार नावं वाचली जात. ती क्रमवारी १९०९ नंतर बंद झाली.

लेक शेजारी आली, तेव्हा तिला फिलिपा फॉसेटची गोष्ट सांगितली. न्यूनम कॉलेजची मुलगी. मुलांची यादी संपली की मुलींची निराळी वाचत, आणि मुलांच्या यादीत ती कितवी बसली असती तेवढं सांगत. १८९० साली तिच्या नावापुढे वाचलं गेलं: सीनियर रँग्लरच्या वर.

"म्हणजे पहिलीच की! मग पदवी?"

पदवी नाही. केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला १९४८ साल उजाडलं.

"आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

खरंच नव्हतं सांगितलं. वर्गात दरवर्षी परांजप्यांची गोष्ट सांगितली. फॉसेटची मला स्वतःलाच निवृत्तीनंतर एका वाचनात सापडली. माझ्या वर्गात निम्म्या मुली होत्या. त्यांना ती तेव्हाच मिळायला हवी होती, याची फार चुटपुट लागली.

परांजप्यांचं सेंट जॉन्स कॉलेज तिथून चालत पाच मिनिटांवर. आत जायला वेळच नव्हता. कोरीव प्राण्यांनी सजलेल्या त्याच्या दारासमोर लेकीने माझा फोटो काढला, आणि आम्ही बस गाठायला धावलो.