टोमॅटो सँडविच, ओट्यापाशी उभ्याउभ्या

घरात मी एकटी असले की दुपारी स्वतःसाठी ताट वाढून घेत नाही. सकाळच्या डब्यातली पोळीभाजी असते उरलेली, नाही असं नाही, पण साडेबाराची मीटिंग संपली की मला ती नको असते, मला टोमॅटो सँडविच हवं असतं. काकडी नाही, बटाटा नाही, चीज तर नाहीच नाही. नुसता टोमॅटो. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं की तो विचारतो, "बरं, आणि आत काय घातलंस?" मी म्हणते अरे टोमॅटो! त्याला ते पटत नाही. त्याच्या हिशोबाने टोमॅटोने आमटीत, रश्शात, कोशिंबिरीत मुकाट्याने पडावं, एकट्याने मिरवू नये.

आता नुसता टोमॅटोच घालायचा म्हटल्यावर तो टोमॅटो बरा हवा ना, आणि इथेच सगळं घोडं अडतं. पुण्यात आमच्याकडे मंडईत जे येतात ते बहुतेक नारायणगाव-जुन्नर बाजूचे, लालबुंद, गुळगुळीत, सगळे एका मापाचे. दिसायला फोटोतल्यासारखे. पण २०-२० किलोच्या क्रेटांतून ट्रकमध्ये रचून शेकडो किलोमीटर लांब जायचं, वाटेत फुटायचं नाही, तर साल जाड लागते, गर घट्ट लागतो आणि आतला रस कमी लागतो. भाजीला ते उत्तम. सँडविचमध्ये मात्र असा टोमॅटो दाताखाली नुसता कचकच करतो. मला लागतो तो गावठी, चपटा, देठापाशी चुण्या पडलेला, थोडा कुरूपच म्हणा, जो पिशवीत सगळ्यात खाली गेला तर घरी येईपर्यंत त्याची चटणी झालेली असते. कोपऱ्यावर बसणाऱ्या मावशी कधीकधी आणतात. "सँडविचला पायजेत ना, मग हे घ्या, आजच खावा लागंल बरं का." आजच खायचाय मावशी.

माझी आजी यवतमाळकडची, ती टोमॅटोला भेदरं म्हणायची. आम्ही मुंबईची नातवंडं हसायचो. आता असा पिकलेला गावठी टोमॅटो हातात आला की मला पण भेदरंच म्हणावंसं वाटतं, टोमॅटो हे नाव त्या क्रेटवाल्याला ठीक आहे.

आणि कृपा करून तो फ्रिजमध्ये ठेवू नका. १२ अंशांच्या खाली फार दिवस राहिला की टोमॅटोची वास तयार करायची ताकदच मंदावते, आणि परत बाहेर काढून ठेवला तरी ती पूर्ण परत येत नाही, यावर २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या लोकांनी जनुकांपर्यंत जाऊन अभ्यास केलाय. आपल्या घरचा फ्रिज त्याहून कितीतरी गार. आमच्याकडे टोमॅटो ओट्यावर टोपलीत असतात, सासूबाई आल्या की ते फ्रिजमध्ये जातात, त्या झोपल्या की परत टोपलीत येतात. यावर आम्ही दोघी कधीच काही बोललेलो नाही.

ब्रेडचं पण तेच. फ्रिजमध्ये ठेवला की बुरशी धरत नाही हे खरं, पण त्यातला स्टार्च गारव्यात लवकर घट्ट होत जातो आणि ब्रेड बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर कोरडा, शिळा लागतो. पावसाळ्यात काय करणार पण, इथे दोन दिवसांत हिरवे ठिपके येतात. मग फ्रिजमधलाच काढायचा आणि तव्यावर जरासा, अगदी जरासाच गरम करायचा. टोस्ट नाही करायचा. खूप कुरकुरीत झाला की टाळूला टोचतो. आणि ब्रेड साधा पांढरा. मल्टीग्रेनमध्ये टोमॅटोची चव शोधावी लागते, एवढा वेळ कोणाकडे आहे.

बटर लावायचं मी मुंबईत कॉलेजबाहेरच्या सँडविचवाल्याकडे बघून शिकले. तो माणूस बटर पार कडेपर्यंत फासायचा, चारही कोपरे, जराही कोरं ठेवायचा नाही, आणि मला वाटायचं काय दिलदार आहे हा! दिलदारी नव्हती ती, धंद्यातली अक्कल होती. बटरचा थर मध्ये असला की टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये झिरपायला वेळ लागतो, म्हणून आधी बटर आणि मग त्यावर हिरवी चटणी. घरी आपण नेमकं मधोमध बटरचा गोळा ठेवतो, थोडा पसरतो, कडा तशाच सोडतो आणि मग म्हणतो गाड्यावरच्यासारखं होत नाही. बटर फ्रिजमधून काढल्या काढल्या लावू नये हे सांगायला नको, ब्रेडला भगदाड पडतं.

चटणी एकाच स्लाइसला. कोथिंबीर, मिरची, मीठ, लिंबू, बास. टोमॅटोच्या चकत्या करवतीच्या दातांच्या सुरीने करायच्या, साध्या सुरीची धार गेलेली असली की (आमच्या घरी ती कायम गेलेलीच असते) टोमॅटो आधी दबतो आणि मग कापला जातो, तोवर निम्मा रस ओट्यावर. काही लोक बिया काढून टाकतात, सँडविच ओलं होऊ नये म्हणून. अहो पण चव तर तिथेच असते, त्या बुळबुळीत गरात! तो काढून टाकायचा असेल तर काकडी खा ना.

मीठ सगळ्यात शेवटी, वरचा ब्रेड ठेवायच्या आधी. मीठ पडलं की टोमॅटोला लगेच पाणी सुटायला लागतं, म्हणजे तिथून पुढे घड्याळ चालू. वर मिरपूड, नाहीतर चाट मसाला, दोन्ही नाही. मग तिरकं कापायचं आणि तिथेच उभं राहून खायचं. माझी एक मावसबहीण अमेरिकेत जॉर्जियाला असते, ती सांगते तिकडे दक्षिणेत उन्हाळ्यात लोक हेच करतात, पांढरा ब्रेड, मेयोनीज, जाड चकत्या, मीठ, मिरपूड, आणि रस हातावरून ओघळतो म्हणून सिंकवर वाकून खायचं. मला इतकं बरं वाटलं ऐकून. म्हणजे मीच एकटी नाही.

मध्ये २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो एवढे महागले होते, आठवतंय ना, शंभराच्या वर, कुठे कुठे तर दोनशे. त्याआधी मे महिन्यात भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतलेले, आणि दोनच महिन्यांनी जुन्नरच्या एका शेतकऱ्याने महिन्याभरात दीड कोटीचे टोमॅटो विकल्याची बातमी. तेव्हा मी एक टोमॅटो दोन दिवस पुरवून खाल्लाय. चकत्या इतक्या पातळ की त्यातून चटणी दिसायची.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. हे एवढं सगळं, बटर कडेपर्यंत, मीठ शेवटी, लगेच खा वगैरे, हे सगळं कशासाठी, तर ब्रेड ओला होऊ नये म्हणून. आणि लहानपणी मी जे टोमॅटो सँडविच खाल्लं ते कधीच कोरडं नव्हतं. शाळेची सहल कार्ल्याला, आई पहाटे पाचला उठून करणार, ब्रेडच्याच मेणकागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात दाबून भरणार, वर पाण्याची बाटली, आणि आम्ही ते खाणार दुपारी एकला, लेणी बघून उतरल्यावर. तोवर ब्रेड गुलाबी झालेला, चटणी दोन्हीकडून बाहेर आलेली, चार सँडविचची एकच वडी. चमच्याने खावं अशी. मुली बटाट्याची भाजी-पुरी आणायच्या, तरी माझ्या डब्यात हात घालायच्या.

आज मीठ घातलं, वरचा स्लाइस ठेवला, कापलं, आणि फोन. ऑफिसमधून, पाचच मिनिटं म्हणाले, पाऊण तास. परत ओट्यापाशी आले तर खालचा ब्रेड ताटलीला चिकटलेला, गुलाबी, मधून हिरवा. टाकून दुसरं करावं म्हणून टोपलीकडे बघितलं, तर भेदरं संपलेली, नुसते क्रेटवाले. मग सुरीने खरवडून उचलायला गेले तर तुटलंच, म्हटलं जाऊ दे, चमचा घेतला आणि पहिल्यांदाच ते सँडविच टेबलाशी नीट बसून खाल्लं.