झाडं लावू नका, असा अर्ज

आमची कॉलनी सोलापूरच्या हद्दवाढ भागात, घरं संपून माळ सुरू होतो तिथं. १९९२ ला हद्द वाढली तेव्हा इथं नुसता मुरूम आणि कुसळी होती, असं जुनी माणसं सांगतात. आता चहूबाजूंनी घरं आणि मधे ले-आउटमधली एकरभर खुली जागा. तिच्या कडेनं एक ओघळ जातो. त्याच्या दरडीत खोकडाचं बीळ आहे.

खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. मांजराहून थोडं मोठं, शेपटीचं टोक काळं. दिवे लागणीला बाहेर येऊन बसतं.

फेब्रुवारीत ग्रुपवर निरोप आला: जागा जेसीबीनं सपाट करायची, पेव्हर टाकायचे, कडेनं ग्लिरिसिडियाची झाडं आणि मधे हायमास्टचा उंच दिवा. खाली चाळीस अंगठे. मी लिहिलं, "झाडं नकोत, गवत राहू द्या." त्यावर एकानं रडून हसणारा चेहरा टाकला, बाकी शांतता. झाड तोडणार असते तर निम्मी कॉलनी माझ्या बाजूनं उभी राहिली असती. माळ म्हणजे पडीक, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय. वीसेक किलोमीटरवर नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, तेही अशाच गवतासाठी. पण शाळेच्या सहलीत पक्षी दिसला नाही, म्हणजे तिथं काही नव्हतंच, असा आमचा हिशोब.

मग कागदाच्या मागं लागले. माहिती अधिकाराचा पहिला अर्ज मी तावातावानं लिहिला. "ही जागा सपाट करायला परवानगी का दिली? वन्यजीवांचा विचार का केला नाही?" दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं आणि देऊन आले. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. चूक माझीच होती. या कायद्यात दफ्तरी असलेला कागद मागायचा असतो, खुलासा नाही. दुसऱ्या अर्जात एकच ओळ लिहिली: मंजूर रेखांकनाच्या नकाशाची प्रत मिळावी.

नकाशा हाती आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर पसरून बसले. आम्ही ज्याला खड्डा म्हणत होतो तो ओघळ त्यावर चक्क नाला म्हणून दाखवलेला होता. म्हणजे मुरूम टाकून तो बुजवणं हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न उरला नव्हता.

रविवारी मारुतीच्या पारावर बैठक झाली. कायदा वाचून दाखवायचं ठरवून गेले होते, पण त्याआधी सगळ्यांना जागेवर चला म्हटलं. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती. चार अंडी उघड्या खड्यांत होती, बोट दाखवूनही निम्म्यांना दिसेनात. एका मुलाचा पाय वीतभर अंतरावर पडला तेव्हा सगळेच "अरे अरे" करत मागं सरले. तेव्हा सांगितलं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याची अंडी नुसती हलवणं हीसुद्धा शिकारच.

अण्णांचा मुद्दा मात्र खरा होता. "वहिनी, साप निघतात की ओ. लेकरं खेळतात. खोकड बघत बसायचं काय?" याला भावनेनं उत्तर देता येत नाही. मी विचारलं, साप कशासाठी येतात? उंदरांसाठी. उंदीर कशाला? कोपऱ्यात आपण टाकतो त्या शिळ्यापाक्यासाठी. कचरा थांबवा, वाटेवरचं गवत काढा आणि बाकीचे उंदीर खोकडाला ठेवा. (ग्लिरिसिडियाला उंदीरमारी म्हणतात, हे कुणीतरी काढलंच. बिया विषारी असतात, झाड उभं राहून उंदीर धरत नाही.) अण्णा हसले नाहीत, पण हायमास्टचा हट्ट त्यांनीच सोडला.

ठरलं ते असं: रस्त्याकडची पट्टी मुलांना, पेव्हर तेवढ्याच भागात. ओघळाकडची बाजू तशीच. हिवर, बोर, तरवड आहेत ते राहतील, नवं काही लावायचं नाही. गवत पेटवायचं नाही. दिवे बुटके, तोंड जमिनीकडं, साडेदहाला बंद. माझी मागणी नऊची होती. साडेदहा ही अण्णांची.

मेमध्ये महिनाभर खोकड दिसलं नाही. भटकी कुत्री वाढली होती. त्यांच्यावर आमच्या ठरावात एक अक्षर नव्हतं, ते राहूनच गेलं. परवा सकाळी बिळाजवळच्या दगडावर ताजी विष्ठा दिसली, त्यात किड्यांचे चकचकीत पंख. मी आनंदानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत समोरच्या अक्कांचा निरोप: "नाष्ट्याच्या वेळेला हे काय टाकलाय ओ?"