घोडी माजावर, पण बीज सुटेना: कृत्रिम रेतनाची वेळ साधतानाचा माझा अनुभव

गोठवलेल्या वीर्याने घोडी गाभण ठेवायची म्हटलं की जो तो रेतनाच्या दिवसाबद्दल बोलतो. मला खरा घाम फुटला तो त्याच्या कितीतरी आधी, माजातच. नर घोडा समोर आणला की घोडी शेपूट उचलायची, मागचे पाय फाकून थोडं थोडं मुतायची, योनीची उघडझाप करायची. लक्षणांत काही कमी नव्हतं. फक्त हा माज 18 दिवस झाले तरी संपायचं नाव घेत नव्हता.

चक्र बसलेली घोडी साधारण 21-22 दिवसांनी माजावर येते. माज 5 ते 7 दिवस टिकतो आणि तो संपायच्या 24 ते 48 तास आधी बीज (स्त्रीबीज) सुटतं. माज दहा दिवसांच्या पुढे गेला आणि हंगामाची सुरुवात असेल, तर आधी हाच संशय घ्यावा की वर्षाचं पहिलं बीज अजून सुटलेलंच नाही. घोडीचे बीजांडकोश दिवसाच्या लांबीवर चालतात. दिवस लहान झाले की ते शांत होतात, वाढू लागले की जागे होतात, पण एका रात्रीत नाही. मधल्या दीड-दोन महिन्यांत फॉलिकल (बीजांडकोशातले बीजाचे पाणीभरले फोड) वाढतात, कधी 35 मिलिमीटरपर्यंत जातात आणि जिरून जातात, कारण बीज सोडवणारं एलएच हे संप्रेरक अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. माज दिसतो, कारण तो दाबणारं प्रोजेस्टेरॉन अंगात नसतं. म्हणजे माज खरा असतो, बीज मात्र येत नाही.

सगळा घोळ इथेच होतो. सोनोग्राफीत 35 चा आकडा दिसला की एचसीजी (बीज सोडवायला देतात ते संप्रेरक) टोचायचं आणि वीर्य वितळवायचं, असा हिशेब सर्रास केला जातो. मला तो मान्य नाही. आकड्याबरोबर गर्भाशय बघा. बीज सुटण्याकडे निघालेल्या घोडीच्या गर्भाशयाला सूज असते. पडद्यावर गर्भाशयाच्या शिंगाच्या, म्हणजे फाट्याच्या, आडव्या छेदात घड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी उमटतात, अगदी बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. फॉलिकल मोठं आहे आणि गर्भाशय मात्र एकसारखं राखाडी, सपाट दिसतंय, तर सुई खाली ठेवा. ते फॉलिकल ही सूज आणणारं इस्ट्रोजेनच पुरेसं बनवत नाही, त्यामुळे एचसीजी बहुधा वाया जातं आणि वीर्याच्या कांड्या (गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळ्या) सुद्धा.

दुसरी चूक प्रोस्टाग्लँडिनची. ते पिवळं पिंड (बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) विरघळवतं आणि इथे पिंडच नसतं, मग ते टोचून काय साधणार? पिंड आहे की नाही हे कळायला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासा. 1 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर पिंड नाही. चक्र बसल्यावरसुद्धा बीज सुटून 5 दिवस व्हायच्या आत प्रोस्टाग्लँडिन दिलं तर भरवसा नसतो. दिल्यावर घोडीला घाम येतो, थोडी पोटदुखीही होते. ती तासाभरात ओसरते.

या काळात करण्यासारखं फार थोडं आहे. फॉलिकल 20-25 मिलिमीटरच्या पुढे गेले असतील तर डॉक्टर 10 ते 14 दिवस अल्ट्रेनोजेस्ट (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) पाजायला देतात. ते बंद केल्यावर बऱ्याच घोड्यांचं चक्र मार्गी लागतं. फॉलिकल तेवढे वाढायच्या आधी दिलं तर उपयोग होत नाही. औषध कातडीतून अंगात शिरतं, म्हणून हातमोजे घालूनच हाताळा. गरोदर बाईने अल्ट्रेनोजेस्ट आणि प्रोस्टाग्लँडिन दोन्हींना हातच लावू नये. खरा उपाय उजेडाचा, आणि तो हंगामाच्या 8 ते 10 आठवडे आधीच सुरू व्हायला हवा. सूर्यप्रकाश धरून रोज 16 तास उजेड, वाढीव तास संध्याकाळकडे. तबेल्याच्या कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता यावं इतका दिवा लागतो. मधेच बंद केला तर मेहनत पाण्यात.

पहिलं बीज सुटलं की पुढचं चक्र बऱ्यापैकी शिस्तीत येतं. माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज सोनोग्राफी करा. फॉलिकल दिवसाला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. 35 च्या वर, सूज भरपूर आणि गर्भाशयाचं तोंड सैल, असं तिन्ही जुळलं की एचसीजी 1500 ते 2500 आययू (आंतरराष्ट्रीय एकक). बीज साधारण 36 तासांनी सुटतं. रात्री दहाला टोचलं तर परवा सकाळी दहाचा सुमार येतो, म्हणजे रात्रीची जाग वाचते. वेळ जवळ आली की सूज ओसरते, फॉलिकल मऊ पडतं आणि गोल न राहता नासपतीसारखं एका बाजूला निमुळतं होतं. हा आकार दिसला की मी दुसरं काही काम हाती घेत नाही.

थंड केलेलं वीर्य बीज सुटायच्या आधीच्या 24 तासांत घातलं तरी चालतं. गोठवलेल्याला ही सवलत नाही. बीज सुटायच्या आधी 12 तास ते नंतर 6 तास, एवढीच जागा, म्हणून शेवटी दर सहा तासांनी तपासणी करायची. ते जमत नसेल तर एचसीजीनंतर 24 आणि 40 तासांनी अशा दोन मात्रा देतात, पण कांड्या दुप्पट लागतात.

कांडीवरून आठवलं. अर्ध्या मिलिलिटरच्या कांड्या बहुतेक ठिकाणी 37 अंशाच्या पाण्यात 30 सेकंद वितळवतात, पण सोबतच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. थर्मामीटर वापरा, पाणी हाताने जोखू नका. कापण्याआधी कांडी पूर्ण कोरडी पुसा, कारण पाण्याचा थेंबसुद्धा शुक्राणू मारतो. आणि गर्भाशयाचा स्वॅब हंगामाआधीच तपासून घ्या, ऐन माजात अहवालाची वाट बघत बसायला नको.

रेतनानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी करा: बीज सुटलं का, किती सुटली, गर्भाशयात पाणी साठलंय का. 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी दिसलं तर डॉक्टर सलाईनने धुऊन ऑक्सिटोसिन देतात. बीज सुटल्यापासून 14 व्या दिवशी गर्भ तपासा. तो दिवस पुढे ढकलू नका. जुळे असतील तर 16 व्या दिवसाच्या आत एक दाबून काढता येतो, नंतर ते जागा धरून बसतात आणि एकमेकांना चिकटलेले असले तर वेगळे करणं फार अवघड होतं.