गोव्याच्या दमट हवेतली कागदी सजावट

लग्नाची सजावट कागदाची करायची ठरली की घरात पहिली चर्चा नक्षीची आणि रंगांची होते. गोव्यात ती आधी हवेची व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा दाबून वाळवलेला थर. हे तंतू हवेतले बाष्प शोषून फुगतात आणि हवा कोरडी झाली की पुन्हा आकसतात. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात व ते लांबीत फारसे न वाढता जाडीत फुगतात, त्यामुळे ताव एका अंगाने जास्त पसरतो आणि दुपारी ताठ दिसणारी पताका रात्रीच्या जेवणावळीपर्यंत कडांनी वळू लागते. मोबाइलवर पाहिलेले सुंदर नमुने बहुधा कोरड्या हवेत, बंद खोलीत केलेले असतात; मांडवीच्या काठावरच्या घरात किंवा फोंड्याच्या देवळाच्या सभागृहात ते तसेच्या तसे टिकतील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

तंतूंची दिशा ओळखणे मात्र अगदी सोपे आहे. ताव टेबलावर ठेवून आधी उभा आणि मग आडवा, घडी न पाडता हलकेच वाकवावा. ज्या दिशेने तो मुकाट्याने वाकतो, त्या वाकण्याच्या रेघेला समांतर तंतू आहेत असे समजावे. खात्री करायची असेल तर एक कोपरा फाडून पाहावा. तंतूंच्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडातिकडा जातो. घडीही तंतूंच्या दिशेनेच घालावी. जाड कार्डशीट आडवी दुमडली की घडीवर रंग तडकून पांढरी रेघ दिसते आणि ती नंतर कशानेही झाकली जात नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. कागदाच्या दुकानात ‘जीएसएम’ म्हणतात ते एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन असते. झेरॉक्सचा साधा कागद ७० ते ८०, घड्यांच्या कामाला योग्य असा रंगीत कागद १०० ते १२० आणि आमंत्रणपत्रिकेचे कार्ड २०० ते ३०० जीएसएमच्या आसपास असते. ‘जाड घेतला म्हणजे टिकेल’ या समजुतीने सगळेच काम कार्डशीटमध्ये करण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याची गरज नसते, कारण कागदाला ताठपणा वजनापेक्षा घडीतून अधिक मिळतो. कागदाची जाडी दुप्पट झाली की त्याचा ताठपणा सुमारे आठपट वाढतो, आणि पातळ कागदाला चुणी पाडणे म्हणजे त्याला जागच्या जागी जाड करणेच आहे. म्हणूनच चुण्यांचा कागदी पंखा दमट हवेतही उभा राहतो, तर त्याच कागदाचे कापून चिकटवलेले सपाट फूल तासाभरात मान टाकते.

हातकागदाची गोष्ट वेगळी. पुण्याच्या शिवाजीनगर भागातली हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे, आणि सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या अशा कागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्यामुळे तो ओला-कोरडा होताना एकाच अंगाने ओढ घेत नाही. पत्रिका, पंगतीच्या ठिकाणी ठेवायच्या नावांच्या चिठ्ठ्या आणि रुखवतात मांडायच्या वस्तू यांसाठी मला तोच आवडतो. मांडवभर लावायला तो महाग पडतो, आणि लांबून त्याचा पोत कोणाला दिसतही नाही.

लांबून काय दिसते, हा प्रश्न आपल्याकडच्या देवळांनी फार पूर्वीच सोडवलेला आहे. नवरात्रात फोंडा तालुक्यातल्या देवळांत मखरोत्सव होतो. देवता बसवलेले सजवलेले मखर वाद्यांच्या तालावर झुलवले जाते आणि भाविक ते सभामंडपातून, गर्दीतून, दिव्यांच्या उजेडात पाहतात. अशा मखरावरची नक्षी मोठी, पुनरावृत्तीची आणि उजेड परतवणारी असावी लागते. लग्नाच्या व्यासपीठालाही हेच लागू आहे. वीस प्रकारची नाजूक फुले करण्यापेक्षा एकच आकार तीन मापांत आणि दोन रंगांत पुन्हा पुन्हा करावा. छायाचित्रातही तोच उठून दिसतो आणि कामाला बसलेल्या मामी, मावश्या व शेजारची मुले यांच्या हातांनाही तो लवकर सवयीचा होतो.

माझा भरवसा असलेला आकार म्हणजे चुण्यांचे चक्र. त्याचे गणित थोडे सविस्तर सांगते, कारण बहुतेक चक्रे तिथेच फसतात. पट्टीची रुंदी म्हणजे चक्राची त्रिज्या. ए-फोर कागद उभा मधोमध कापला की साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ तीस सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या मिळतात. साडेदहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६६ सेंटिमीटर भरतो. पट्टी नेमकी तेवढीच घेतली तर चक्र पूर्ण उघडताना चुण्या सपाट होतात आणि ज्या घडीमुळे ताठपणा यायचा तीच नाहीशी होते. म्हणून परिघाच्या सव्वापट ते दीडपट लांबी धरावी. वरच्या मापाच्या तीन पट्ट्या जोडल्या की जोडाची दुमड वजा जाऊन ८६-८७ सेंटिमीटर उरतात, आणि तेवढ्यात दीड सेंटिमीटरच्या चुण्या छान खोल बसतात. दुप्पट मोठे चक्र हवे असेल तर एकवीस सेंटिमीटर रुंदीचे सहा अखंड ए-फोर जोडावेत. हा हिशेब पातळ कागदावर सरावासाठी आहे. खऱ्या कामाला मोठे ताव घेऊन, चुणीची घडी तंतूंच्या दिशेने येईल अशा बेताने पट्ट्या कापाव्यात.

चुण्या घालून झाल्यावर मधला भाग गोंदाने न चिकटवता दोऱ्याने ओवावा. आतल्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर सोडून सगळ्या चुण्यांतून सुई आरपार न्यावी, दोरा ओढून गाठ मारावी आणि मग पट्टीची दोन टोके एकमेकांना चिकटवावीत. पुढे-मागे पुठ्ठ्याची गोल चकती लावली की चक्र बसते. ग्लू गनचा गरम गोंद पटकन धरतो हे खरे, पण मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो मऊ पडतो, आणि सजावट सभागृहावर बहुधा गाडीतूनच न्यावी लागते. दोऱ्याला ऊनही चालते आणि दमटपणाही. पांढरा फेविकॉल पाण्यात कालवलेला असतो, त्यामुळे पातळ कागदावर तो सुरकुत्या पाडतो. तिथे गोंदकाडी बरी.

फुलांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. जिथे मार्दोळची जाई आणि शेजारणीच्या परसातली अबोली मिळते, तिथे कागदाची फुले करावीत का, हा प्रश्न रास्त आहे. वधूच्या केसांत फाती, म्हणजे फुलांची गुंफलेली माळ, खरीच असावी, याबद्दल वाद नको. पण मांडवाच्या खांबांना, पाहुण्यांच्या वाटेवर किंवा संध्याकाळच्या स्वागतसमारंभात, जिथे खरी फुले चार तासांत कोमेजतात, तिथे क्रेप कागदाची फुले शोभतात. अट एवढीच, की फूल पाहून ते केलेले असावे. क्रेपच्या सुरकुत्या पाकळीच्या देठापासून टोकाकडे जातील अशा पद्धतीने कापले, तरच पाकळीला दोन्ही अंगठ्यांनी आडवा ताण देऊन खोलगटपणा आणता येतो. आमच्या सासूबाईंना कागदी अबोली दाखवायची म्हणजे परीक्षाच असते. एकदा हातातले फूल उलटसुलट करून त्या म्हणाल्या, “अबोली अशी चारी बाजूंना बघत नाही गं, ती एकाच बाजूला झुकते.” बाजारातली बहुतेक कागदी अबोली पाच सारख्या पाकळ्यांची चांदणी असते. खऱ्या अबोलीला मात्र लांब, बारीक नळी असते आणि तिच्या टोकाला सगळ्या पाकळ्या एका बाजूने पंख्यासारख्या उघडतात. म्हणून क्रेपचा छोटा पंखा कापावा, वरच्या कडेला चार काप देऊन पाच लाटा कराव्यात, खालचा भाग काडीभोवती गुंडाळून नळी करावी आणि काडी काढून घ्यावी. अशी फुले केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात शेजारी शेजारी, तोंड एकाच बाजूला ठेवून बांधली, की चार हातांवरून त्यांना कोणी कागद म्हणणार नाही.

क्रेपबद्दल एक ताकीद द्यायलाच हवी. त्याचा रंग पाण्याने सुटतो. लाल किंवा जांभळा क्रेप घामाला किंवा दवाला लागला की रेशमी साडीवर आणि अंतरपाटावर डाग पडतो व तो निघत नाही. त्यामुळे हार, मुंडावळ्या, गजरा अशा अंगाला लागणाऱ्या वस्तूंना क्रेप वापरू नये. उघड्या अंगणात तुळशीच्या लग्नानंतरच्या थंडीत दव पडतेच, तिथेही तो मांडवाच्या छपराखालीच असावा.

वाऱ्याचा विचार किनाऱ्याजवळच्या घरांनी विशेष करावा. दुपारनंतर समुद्रावरून वारे सुटले की सपाट कागद शिडासारखा फुगतो आणि दोर तोडतो. कातरकाम केलेल्या पताकांमधून वारा आरपार जातो. त्या नक्षीतली भोके नुसती शोभेची नसतात. चौकोनी पतंगी कागद तीनदा दुमडून कडांवर अर्धगोल व पाने कापली की उलगडल्यावर रांगोळीसारखी जाळी मिळते. दहा ताव एकावर एक ठेवून कापण्याचा लोभ मात्र धरू नये, आतले ताव सरकतात. पताका सुतळीवर ओवाव्यात. चुन्याच्या भिंतीवर चिकटपट्टी दमट हवेत धरत नाही आणि निघताना पोपडेही काढते. होमकुंडाच्या वर आणि समयांच्या जवळ कागद अजिबात नको. लाजाहोमाच्या वेळी ठिणग्या वर उडतात, तेव्हा तिथले छत रिकामेच असावे.

उजेडाच्या कामाला गोव्यात हात शोधावे लागत नाहीत. ज्या वाड्यावरची मुले दिवाळीत कागदाच्या लगद्याने नरकासुराचे मस्तक उभारतात आणि आकाशकंदिलांच्या स्पर्धांना जातात, त्यांना लग्नाची कमान जड नाही. नाताळातल्या स्टारचा सांगाडा लग्नालाही उत्तम चालतो: बांबूच्या पाच-पाच काड्यांच्या दोन चांदण्या टोकांना एकत्र बांधायच्या आणि आतल्या पंचकोनाच्या कोपऱ्यांत पाच आखूड काड्या आडव्या घालून त्यांना फुगवटा द्यायचा. वर पतंगी कागद मैद्याच्या खळीने लावावा. खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत किडीसाठी चांगली आहे, पण मोरचूद विषारी असते. मुले कामाला असतील तर ते टाळावे आणि खळ रोजच्या रोज ताजी शिजवावी. आत एलईडीचाच दिवा हवा, जुन्या तापणाऱ्या बल्बने कागद करपतो.

थर्मोकोलच्या मखरांना आणि अक्षरांना आता कायद्यानेच सुट्टी मिळाली आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचे थर्मोकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या आणि आमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचे प्लॅस्टिकचे पातळ आवरणही आहे. सजावट कंत्राटावर देणाऱ्यांनी हे आधी बोलून घ्यावे. आमच्या ओळखीच्या एका घरी कागदी म्हणून ठरवलेली सजावट प्रत्यक्षात प्लॅस्टिकची निघाली होती, आणि मुहूर्ताच्या सकाळी त्यावर भांडायला कोणालाच सवड नव्हती. वधूवरांची नावे लिहायला जाड पुठ्ठ्याची अक्षरे कापून त्यांवर चुण्यांच्या पट्ट्यांची कड लावली तर ती थर्मोकोलपेक्षा देखणी दिसतात, आणि वाकतही नाहीत.

बारसे आणि वाढदिवस यांना एवढा खटाटोप नको. भिरभिरी करावीत, पंख्याखाली ती फिरतात, मुले ती घेऊन पळतात आणि घरी जाताना हातात काहीतरी असतेच. फक्त टाचणीऐवजी कागदी नळी आणि बटण वापरावे.

कामाचा काळ हाच येथे खरा अडचणीचा भाग आहे. चातुर्मासात मुहूर्त नसतात, हात मोकळे असतात आणि म्हणून सजावट पावसाळ्यात करून ठेवली जाते. म्हणजे गोव्यातले वर्षाचे सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसाचे बहुतेक पाणी पडत असतानाच कागद घरात साठवायचा असतो. अशा वेळी चक्रे उघडून ठेवू नयेत. दोरा ओवावा पण गाठ मारू नये, चुण्या मिटलेल्याच राहू द्याव्यात आणि त्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये दाबून बांधाव्यात. तशी चाळीस चक्रे बुटांच्या एका खोक्यात मावतात. खोकी पत्र्याच्या पेटीत, भिंतीपासून आणि जमिनीपासून वर ठेवावीत, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात व श्रावण सरल्यावर त्या बदलाव्यात. कसर लागू नये म्हणून मैद्याची खळ लावलेले काहीही या पेटीत ठेवू नये. कंदिलांचे कागद लग्नाच्या आठवड्यातच लावावेत. समारंभ आटोपला की गाठ कापून चक्र पुन्हा मिटवता येते, त्यामुळे चवथीच्या मखरालाही तीच उपयोगी पडतात. खोक्यावर माप आणि संख्या लिहून ठेवावी, नाहीतर पुढच्या वेळी सगळीच खोकी उघडत बसावे लागते.