कोर ७८, मेमरी ११० : माझ्या ग्राफिक्स कार्डाचा उन्हाळा

मी नागपुरात घरूनच इंटिरिअरचे थ्रीडी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली खऱ्यासारखी चित्रं, करून देते. एका फ्लॅटचा वॉकथ्रू, म्हणजे आतून फेरी मारणारा व्हिडिओ, सहाशे फ्रेमचा. माझ्या आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्डावर ब्लेंडर ह्या सॉफ्टवेअरमध्ये एका फ्रेमला साधारण चार मिनिटं लागतात, म्हणजे मशीन सलग चाळीस तास चालू. गेल्या मे महिन्यात लक्षात आलं की रात्री चार मिनिटांत होणारी फ्रेम दुपारी साडेपाच मिनिटं घेतेय. सीन तोच, सेटिंग तीच. कार्डाचे पंखे मात्र दुसऱ्या खोलीत ऐकू येत होते.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर जीपीयू, म्हणजे कार्डाची मुख्य चिप, ७८ अंश. मावसभाऊ गेमिंगवाला आहे, त्याला फोन लावला. "ताई, ७८ तर आहे. कायले भेऊन राहिली?" त्याचंही बरोबर होतं. ह्या कार्डासाठी ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने कमाल तापमान ९३ अंश दिलंय. ७८ म्हणजे चांगलीच मोकळीक. मग वेग का पडतोय?

उत्तर एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकल्यावर मिळालं. टास्क मॅनेजर एकच आकडा दाखवतो, तो कोरचा, म्हणजे त्या मुख्य चिपचा. कार्डात आणखी दोन आकडे बघायचे असतात. एक हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरचा त्या क्षणी सगळ्यात तापलेला बिंदू. तो कोरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर असणं नेहमीचंच. दुसरा मेमरी जंक्शन, म्हणजे कार्डावरच्या मेमरी चिपच्या आतलं तापमान. माझा हॉटस्पॉट ९२ होता. मेमरी ११० वर पोचून तिथेच थांबली होती, ना १०९ ना १११. ३०८० मध्ये जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी आहे, आणि ती ११० ला टेकली की कार्ड जीव वाचवायला स्वतःच वेग कापतं. पंखे ओरडत होते तेही तिच्याचसाठी.

म्हणून "ग्राफिक्स कार्ड किती तापलं तर चालतं?" ह्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणाऱ्यावर माझा आता विश्वास बसत नाही. ११० अंश हॉटस्पॉट आरएक्स ५७०० मालिकेत चालतो, असं ती कार्डं बनवणाऱ्या एएमडीने २०१९ साली उघड सांगितलं होतं. एनव्हिडियाच्याच आरटीएक्स ४०९० च्या कोरची कमाल मर्यादा ९० आहे. कुठल्या कार्डाचा, कुठल्या जागेचा आकडा, हे आधी विचारायला हवं.

आणि खोलीचं तापमान किती, हेही. बाहेरच्या रिव्ह्यूमध्ये कार्ड वीस-बावीस अंशांच्या खोलीत तपासलेलं असतं. कार्ड खोलीपेक्षा अमुक अंश वर चढतं, हा खरा हिशोब. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच वर जातं. माझ्या टेबलावरच्या थर्मामीटरवर त्या दुपारी ३९ होते. तिकडे ७० वर बसणारं कार्ड इथे ८७ ला गेलं तर त्यात कार्डाचा दोष नाही.

कूलरकडे मी ह्याच नजरेने बघायला लागले. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याची ताटी ओली असली की खोली सात-आठ अंशांनी सहज उतरते, आणि कार्डही उतरतं. पण माझ्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट कूलरच्या तोंडाशीच होतं. मागच्या जाळीवर बोट फिरवलं तर पांढरा खरखरीत थर लागला, पाण्यातला क्षार. ओली हवा आणि क्षार सर्किटवर बसणं मला अजिबात नको होतं. कॅबिनेट समोरच्या भिंतीला नेलं, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं. मग ब्लोअरने धूळ काढली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं; ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं. एवढ्याने मेमरी १०४ वर आली.

पुढचं पाऊल उचलायला मला आठवडा लागला. कार्ड सेकंडहँड घेतलेलं, वॉरंटी संपलेली, तरी उघडायची हिंमत होईना. शेवटी एका रविवारी देवघरापुढच्या चौरंगावर चादर पसरून बसले. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे सैल केले, हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, हळू उचलला आणि पंख्याच्या बारीक वायरी आधी सोडवल्या. कोर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी पेस्ट कडेला सरकून मधे सुकली होती. कोरभोवती मेमरीच्या दहा चिप असतात. त्यांची उष्णता हीटसिंकला देणारे मऊ थर्मल पॅड बोटाने दाबले तर पापडासारखे तुटले. तेलाचा चिकट डाग तेवढा चिपवर उरलेला.

आता चूक सांगते, कारण ती बऱ्याच जणांची होते. जुने पॅड किती जाडीचे हे न मोजता मी अडीच मिलिमीटरचे मागवले. जाड असेल तर नीट टेकेल असं वाटलं. सगळं जोडून रेंडर लावला. मेमरी ९० वर आली, मी खूश! मग हॉटस्पॉटकडे नजर गेली : १०४. कोर ७९. दोघांत पंचवीस अंशांचं अंतर. जाड पॅडांनी हीटसिंक उचलून धरला होता, त्यामुळे कोरवर तो नीट दाबला जात नव्हता. रेंडर तिथेच थांबवला.

बाबा लेथवर काम करायचे, त्यांचा जाडी मोजायचा व्हर्नियर कपाटात होता. जुन्या पॅडाची दबलेली जागा त्यांनी मोजली, १.६, न दबलेली कड २.०. "दाबाखाली जाणारी वस्तू कडेला मोजायची, पोरी," म्हणाले. दोन मिलिमीटरचे मऊ पॅड मागवले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप पुन्हा पुसली, नवी पेस्ट लावली आणि स्क्रू तिरक्या क्रमाने थोडेथोडे आवळले. हॉटस्पॉट आणि कोर ह्यांतलं अंतर बारा अंशांवर आलं. मेमरी ९४.

राहिलेलं काम सॉफ्टवेअरने केलं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ३०८० पूर्ण जोरात ३२० वॅट खातं, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन माझ्याच खोलीत येते. आफ्टरबर्नर ह्या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचा आलेख उघडून १८०० मेगाहर्ट्झचा वेग ८५० मिलिव्होल्टवर बांधला, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालवला. वीज २६० वॅटच्या आसपास आली, फ्रेममागे दहा सेकंद वाढले. हे सगळ्या कार्डांना जसंच्या तसं लागू होत नाही; माझं ८२५ मिलिव्होल्टवर रेंडरच्या मध्येच अडकलं. पंख्याचा आलेखही बदलला, ६० अंशांपासून हळूहळू चढणारा, म्हणजे ते एकदम भडकत नाहीत.

नवतपा लागला तेव्हा पुढचा वॉकथ्रू हातात होता. दुपारी तीनला खोली ३५ अंश, कोर ७०, हॉटस्पॉट ८२, मेमरी ८८. फ्रेम चार मिनिटं दहा सेकंदांत, रात्री होते तशीच. पंखे इतके शांत होते की कूलरच्या टाकीत पडणारं पाणी ऐकू येत होतं.

रविवारी मावसभाऊ त्याचं ३०७० टीआय कार्ड घेऊन येतोय. त्याची मेमरी १०२ दाखवतेय. बाबांनी व्हर्नियर पुसून टेबलावर ठेवलाय.